थांबल्यावरचा उजेड

रेल्वे फाटक बंद होतं. क्लच दाबून माझी इंजिनवाली सायकल थांबवली आणि चाकाबरोबर दिवाही थांबला. आधी पिवळा, मग तांबूस, मग काहीच नाही. मागून ट्रक येत होता. त्याच्या उजेडात माझी सावली फाटकाच्या दांड्यावर पडली, बघता बघता मोठी झाली, आणि ब्रेकचा फुस्स आवाज माझ्या मडगार्डपासून हातभर अंतरावर आला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुद्दा त्याचा बरोबर होता. मी त्याला दिसलो ते अगदी शेवटच्या घटकेला.

त्या रात्री घरी येऊन सायकल भिंतीला टेकवली आणि बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत बसलो.

सायकल साधीच आहे. फक्त तिच्या दांड्यांच्या त्रिकोणात एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं आहे. असं इंजिन किट म्हणून मिळतं: सिलिंडर, कार्ब्युरेटर, भुईमुगाच्या शेंगेसारखी पेट्रोलची टाकी, मागच्या चाकाच्या आऱ्यांना आवळून बसवायचं दातेरी चक्र आणि एक जास्तीची चेन. पायडल मारत सुटायचं, वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन दोन गचके देऊन पकडतं आणि पाय मोकळे होतात. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत व्हिझर नावाचं किट 1939 मध्ये आलं. फ्रान्समध्ये 1946 पासून विकली गेलेली वेलोसोलेक्स तर आपलं इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावर घेऊन फिरायची आणि एका रोलरने टायर घासून चाक पळवायची. मला या यंत्रांबद्दल पहिल्यापासून माया आहे. ती धड सायकल नसतात, धड मोटारसायकल नसतात, आणि त्यामुळे त्यांचे प्रश्नही दोन्हीकडचे असतात. दिव्याचा प्रश्न त्यातलाच.

माझ्याकडे होता तो जुन्या पद्धतीचा, बाटलीच्या आकाराचा डायनामो. मागच्या चाकाशी दांडीला आवळलेला. खटका दाबला की त्याचं खरखरीत डोकं टायरच्या कडेला टेकायचं आणि फिरायला लागायचं. लहानपणी हा खटका दाबताना वाटायचं की कुणीतरी कॅरिअरवर येऊन बसलं. पाय लगेच जड व्हायचे. दिव्याचं वजन पायाला कळायचं. हिशेब केला तर ते कळण्यासारखंच होतं. डायनामो 6 व्होल्ट, 3 वॉटचा, त्यातले 2.4 वॉट पुढच्या दिव्याला, 0.6 मागच्या. पण असला डायनामो घेतलेल्या कष्टापैकी साधारण 40 टक्क्यांचीच वीज करतो, बाकीचं घासण्यात आणि गरम होण्यात जातं. म्हणजे 3 वॉटसाठी पायांकडून सात-साडेसात वॉट वसूल होणार. निवांत सायकल चालवणारा माणूस मुळात 75 ते 100 वॉट काढतो. त्यातून एवढं गेलं तर पाय कुरकुरणारच.

इंजिनाला मात्र याची दादही नसते. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. त्यात सात वॉट कुठे गेले हे इंजिनाला कळत नाही आणि मलाही कळत नाही. मला वाटलं, डायनामोला याहून चांगलं घर मिळणार नाही. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं पहिल्याच आठवड्यात, एका उतारावर कळलं, जेव्हा पुढचा बल्ब एकदम दुधासारखा पांढरा झाला आणि उडाला. दुसऱ्याच क्षणी मागचाही उडाला.

का, ते नंतर कागद-पेन्सिल घेऊन काढलं. डायनामोच्या डोक्याचा व्यास मोजला, 24 मिलिमीटर. म्हणजे परीघ साडेसात सेंटीमीटर. पायडल मारत ताशी 15 किलोमीटरने गेलो तर ते डोकं मिनिटाला 3,300 फेरे घेतं. इंजिनावर 30 ने गेलो की 6,600. आतलं लोहचुंबक आठ ध्रुवांचं, म्हणजे एका फेऱ्यात वीज चार वेळा पुढे-मागे होते. 30 च्या वेगाला सेकंदाला जवळपास 440 वेळा. (हा आकडा बघून मी थबकलो. पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या स्वराला वाद्यं लावतात तो नेमका 440 चा. माझा डायनामो सुरात आहे हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते.)

आता या यंत्राची खुबी अशी की आतल्या वेटोळ्याचा अडथळा वेगाबरोबर वाढत जातो. त्यामुळे डायनामोचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास येऊन अडतो. वेग वाढवा, करंट फारसा वाढत नाही. पायाने चालवणाऱ्यासाठी ही सोय फार हुशारीने केलेली आहे. पण या सोयीला एक उलटी बाजू आहे. डायनामो आपला अर्धा अँपिअर कुणाच्या तरी गळ्यात घालतोच. दोन्ही दिवे असतील तर दोघांत वाटून देतो. उतारावर वेग 40 च्या पुढे गेला, पुढच्या बल्बचं फिलामेंट थोड्याशा जास्तीच्या व्होल्टेजने तुटलं, आणि त्याच्या वाटणीचा सगळा करंट मागच्या बिचाऱ्या 0.6 वॉटच्या बल्बवर येऊन पडला. फिलामेंटचं आयुष्य फार नाजूक असतं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढलं तर ते तिसऱ्या हिश्शावर येतं. त्यात सिंगल सिलिंडर इंजिनाची थरथर. बल्ब बदलून बदलून मी कंटाळलो आणि एलईडीकडे वळायचं ठरवलं. पण फाटकापाशी आलेला अंधार एलईडीने जाणार नव्हता. चाक थांबलं की वीज थांबते, मग पुढे काहीही लावा.

आधी वाटलं, उत्तर इंजिनातच आहे. फाटकापाशी चाक थांबतं, इंजिन तर चालू ठेवता येतं. या किटच्या मॅग्नेटोतून, म्हणजे ठिणगीसाठी वीज करणाऱ्या इंजिनातल्या भागातून, तीन वायरी बाहेर येतात. काळी आणि निळी ठिणगीच्या कामाला जातात. तिसरी, पांढरी, रिकामी लोंबत असते. तिच्यातून थोडी वीज मिळते, त्याच वेटोळ्यातून काढलेली. जोडली. खाली उभं राहून इंजिन रेस केलं तर दिवा झकास. रेस सोडली तर दिवा निखाऱ्यासारखा. आणि रस्त्यावर काढल्यावर खरा प्रकार कळला: चढावर, फेरे कमी असताना, दिवा लावला की इंजिन अडखळायचं, बंद केला की सुरळीत. एकाच विहिरीवर दोन मोटा चालवल्या तर पाणी कुणाच्याच पाटाला पुरत नाही, तसं. दिवा पाहिजे की ठिणगी, असा तो सवाल होता. पांढऱ्या वायरीच्या टोकाला टेप गुंडाळून तिला परत बांधून टाकलं. हे उद्योग करणाऱ्याला मी एवढंच सांगेन की त्या वायरीचा मोह टाळावा.

मग शेजारच्या काकांकडे गेलो. आयुष्यभर मोटारी रिवाइंड करण्यात गेलेला माणूस. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, पण वेटोळ्यावरून अंगठा फिरवून ते जळालं आहे की नाही सांगतात. माझा डायनामो त्यांनी हातात घेतला, डोकं बोटाने फिरवलं, टक-टक-टक करत चुंबक अडकतो ते कानाजवळ नेऊन ऐकलं.

"अरे, याला डायनामो म्हणतात ते नुसतं म्हणायला," काका म्हणाले. "हा अल्टरनेटर आहे. याची वीज दोन्हीकडे धावते. बॅटरीला सरळ जोडलास तर एकदा भरेल, एकदा काढून घेईल. आधी तिला एका दिशेने चालायला शिकव."

एका दिशेने चालायला शिकवणं. हे काम माणूस चुंबकातून वीज काढायला लागला त्याच्या दुसऱ्याच वर्षी सुरू झालं. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये चुंबक आणि वेटोळ्याचं नातं दाखवलं. 1832 मध्ये पॅरिसच्या हिपोलाइट पिक्सीने हाताने फिरवायचं यंत्र केलं. वेटोळी स्थिर, खाली घोड्याच्या नालेसारखा चुंबक फिरतो. त्यातून जी वीज आली ती पुढे-मागे होणारी होती, आणि तेव्हा कुणालाच तिचं काय करावं कळेना. अँपिअरच्या सुचवण्यावरून पिक्सीने कम्युटेटर, म्हणजे दर अर्ध्या फेऱ्याला जोडणी उलटवणारा भाग, लावला आणि ती एका दिशेला वळवली. ज्या माणसाचं नाव मी मीटरवर रोज वाचतो, तोच इथे माझ्या अडचणीत भेटला याची मला गंमत वाटली. पिक्सीला जे घासणाऱ्या पट्ट्यांनी करावं लागलं ते माझ्याकडे, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे, चार डायोड करतात. आधी साधे सिलिकॉनचे लावले. पण वीज एका वेळी दोन डायोडमधून जाते आणि प्रत्येक जण 0.7 व्होल्ट ठेवून घेतो. सहातले 1.4 वाटेतच गेले. म्हणून शॉटकी डायोड आणले, ते तीन-चार दशांशांवर भागवतात. हळू जाताना हा फरक दिसतो. पूर्वी बॅटरी भरायला सुरुवात व्हायला बरंच पळावं लागायचं, आता चालण्याच्या वेगाहून थोडा जास्त वेग पुरतो.

डायोडचा आणखी एक फायदा काकांनी दाखवला. जुन्या गाड्यांत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वीज देणारे, डायनामो असत, तेव्हा गाडी थांबली की बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊन त्यालाच मोटारीसारखं फिरवू बघायची. ते टाळायला कटआउट नावाचा रिले, म्हणजे आपोआप उघडझाप करणारा स्विच, लावत. डायोडमध्ये तो दरवान आपोआपच आला.

बॅटरी घेतली ती सीलबंद लेड-ॲसिड, 6 व्होल्ट, 4.5 अँपिअर-अवर. पाऊण किलोच्या आसपास वजन. लिथियम हलकी असते हे मला मान्य आहे, आणि अनेकांनी ते मला ऐकवलंही. पण लिथियमला सेलमागे 4.2 व्होल्टच्या वर एक पाऊलही चालत नाही. माझ्या डायनामोचा स्वभाव मी वर सांगितलाच आहे. लेड-ॲसिड म्हणजे घरातली मोठी वहिनी. थोडं जास्त झालं तरी पोटात घालते. तिची एकच अट: रिकाम्या पोटी ठेवू नका. रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आकडेही जुळत होते. अर्धा अँपिअर एका दिशेला वळवला की सरासरी 0.45 उरतो. 4.5 च्या बॅटरीला तो बरोबर दहावा हिस्सा, म्हणजे सावकाश, न तापवता भरण्याचा वेग. पुढचा 3 वॉटचा एलईडी आणि मागचा अर्ध्या वॉटचा मिळून साडेतीन वॉट खातात. डायनामो देतो साधारण तीन. रात्रीच्या तासाला अर्ध्या वॉट-अवरची तूट, ती दिवसा पाऊण तास खटका दाबून फिरलं की भरून निघते आणि वर शिल्लक राहते.

बॅटरी सीटखाली एका पत्र्याच्या खोक्यात, खाली रबराचा तुकडा घालून बसवली. डायनामो उजव्या बाजूला घेतला, कारण इंजिनाची चेन डावीकडे आहे आणि तिचे तेलाचे शिंतोडे त्या बाजूच्या टायरवर उडतात. तेलकट टायरवर डायनामोचं डोकं नुसतं सरकतं. बसवताना एक गोष्ट डोळ्यांनी जोखायची असते: डायनामोच्या आसाची रेघ मनातल्या मनात पुढे ओढली तर ती चाकाच्या आसातून गेली पाहिजे. थोडी जरी तिरकी गेली तरी डोकं टायर खरवडत जातं आणि पंधरा दिवसांत टायरच्या कडेला पांढरे धागे दिसायला लागतात. मी हे धागे बघून शिकलो.

वायरिंगला मात्र एक अख्खा रविवार गेला आणि दुसऱ्या रविवारी ते सगळं परत काढावं लागलं. पुढच्या दिव्याला मी एकच वायर नेली होती. दुसरी वाट सायकलच्या सांगाड्यातून. जुन्या सायकलींत असंच असतं, रंग खरवडला की झालं अर्थिंग. पण दिवा अधूनमधून डोळा मारायचा. सरळ रस्त्यावर ठीक, वळणावर अंधार. जिथे उजेड सगळ्यात जास्त लागतो तिथेच. चार दिवस मी बल्बहोल्डर, स्विच, सोल्डर सगळं तपासलं. पाचव्या दिवशी मीटरची एक काडी सांगाड्याला आणि दुसरी हँडलला लावून हँडल सावकाश वळवलं. आकडा शून्याजवळ होता तो एकदम उसळला, पुन्हा खाली आला, पुन्हा उसळला. हँडलच्या नळीतले छर्रे ग्रीसमध्ये बुडालेले असतात. वीज त्या छर्ऱ्यांवरून उड्या मारत जात होती. वळताना एखादा छर्रा ग्रीसच्या थरावर चढला की वाट बंद. शेवटी दिव्यापासून बॅटरीपर्यंत दुसरी वायर ओढली, हँडलपाशी तिला सैल वळसा ठेवला, आणि सांगाड्याला विजेच्या व्यवहारातून निवृत्त केलं.

यानंतर महिनाभर सगळं छान चाललं. ब्लॉग लिहायला घेतला तो तेव्हाच, विजयाच्या सुरात. तो मजकूर मी नंतर पुसून टाकला.

झालं असं. अंधारात, मोकळ्या रस्त्यावर, 35 च्या वेगात चाललो होतो. पुढचा दिवा एकदम लखलखला, एखाद्या मोटारीचा अप्पर लागावा तसा, आणि विझला. जळक्या प्लास्टिकचा वास. घरी येऊन खोकं उघडलं तर बॅटरीच्या टोकावरचा चपटा कनेक्टर निसटून बाजूला पडला होता. मीच दाबून बसवलेला, पकडीने, क्रिंपिंगचा पाना नव्हता म्हणून. इंजिनाच्या थरथरीने तो कणाकणाने मागे सरकत गेला असणार.

पण बॅटरी सुटली तर दिवा नुसता मंद व्हायला हवा होता, जळावा का? हे मला दोन दिवस कळेना. काकांनी ते एका वाक्यात सांगितलं: "तुझा दिवा शहाणा, तुझा डायनामो हट्टी, आणि मधला माणूस उठून गेला." दिव्याच्या आत एक छोटं सर्किट असतं. त्याला तीन वॉट हवेत म्हणजे तीनच. व्होल्टेज वाढलं की ते करंट कमी घेतं. डायनामोला मात्र आपला 0.45 अँपिअर देऊनच जायचं असतं. दिवा कमी घेतो म्हटल्यावर तो व्होल्टेज आणखी वाढवतो. ते वाढलं की दिवा आणखी कमी घेतो. अशी ती चढाओढ, सर्किटचा जीव जाईपर्यंत. बॅटरी मधे होती तोवर उरलेलं सगळं ती गिळत होती. मी तिला साठवणीचं भांडं समजत होतो. ती तर त्या घरातली मध्यस्थी करत होती, आणि मी तिला नीट बांधलंही नव्हतं.

उपाय नखाएवढा निघाला. 7.5 व्होल्टचा, 5 वॉटचा झेनर डायोड, त्या चार शॉटकींच्या जोडणीच्या लगेच पुढे. व्होल्टेज साडेसातच्या वर जायला लागलं की तो दार उघडतो आणि जास्तीचा करंट स्वतःमधून जाऊ देतो. सगळाच्या सगळा 0.45 त्याच्यावर आला तरी साडेतीन वॉटही होत नाहीत. त्याचे पाय एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दाबून बसवले, उष्णता निघून जायला. त्याच्यापुढे आणखी एक शॉटकी, मग फ्यूज, मग बॅटरी. त्या मधल्या शॉटकीत थोडं जातं आणि बॅटरीपर्यंत 7.1 च्या आसपास पोहोचतं, जे तिला मानवतं. दिवसभर खटका दाबून फिरलो तरी ती उकळत नाही. कनेक्टर नवे, या वेळी मागून आणलेल्या क्रिंपिंगच्या पान्याने दाबलेले, आणि वर एक रबरी पट्टा. मग स्टँडवर चढवून, इंजिन रेस करून, मुद्दाम बॅटरीचं टोक काढलं. हात थरथरत होता हे कबूल करतो. दिव्याने जराही हूं की चूं केलं नाही. झेनरच्या पट्टीला बोट लावलं तर चटका बसला. ते वाढीव सगळं तिथे जात होतं.

पावसात अजूनही डोकं टायरवर सरकतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवसांत बॅटरीवर भागवतो आणि घरी आल्यावर चार्जरला लावतो.

परवा त्याच फाटकापाशी थांबलो होतो. इंजिन बंद केलं. मालगाडी लांबलचक होती. माझ्यापुढे दिव्याचा पट्टा फाटकाच्या लाल-पांढऱ्या दांड्यावर पडला होता आणि त्यात चिलटं नाचत होती. शेजारी एक जण सायकलवरून उतरला, खाली वाकून अंधारात काहीतरी चाचपडायला लागला. त्याची चेन उतरली होती.

"दादा, जरा दिवा इकडं फिरवता का?"

मी हँडल पार डावीकडे वळवलं. उजेड दांड्यावरून सरकत त्याच्या काळ्या बोटांवर आला, आणि वळताना एकदाही मिटला नाही. त्याने चेन चक्रावर चढवली, पायडल उलटं फिरवून पाहिलं, हात पॅंटला पुसले. मालगाडीचे डबे अजून संपले नव्हते.